कानशीला तेल

गावठी सुताराला लाकूड आवळून धरायला यंत्र लागत नाही. तो जमिनीवर बसतो, लाकूड पुढ्यात ओढतो आणि पायांनी धरतो. डाव्या पायाची टाच एका अंगानं, उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट दुसऱ्या अंगानं, आणि मधे लाकूड. हात मोकळे राहतात ते वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवायला. पिशोरच्या बन्सी सुताराचा उजवा अंगठा असा होता म्हणे, की त्यानं दाबलेलं लाकूड बैलानं ओढलं तरी हललं नसतं. गावाला म्हणायला काय जातं. पण लाकूड हलत नसे, हे खरं.

पोलीस अ‍ॅक्शनला आठ वर्षं झाली होती, त्या वैशाखात वाकस लाकडावरून उसळला आणि त्याच पावलावर बसला. पेरणीच्या आधीचे दिवस, दारात औतांची रांग लागलेली. बन्सीनं जखमेत हळद दाबली, वर चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. पुढं कोणी चुना सांगितला, कोणी बिब्बा. जेवढी तोंडं तेवढी औषधं झाली, आणि पाऊल काळं पडल्यावर शहाणपण सुचलं. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याच्या वीतभर खाली पाय कापला.

"घाबरू नको," डॉक्टर म्हणाले, "कुबडी घेऊन छान चालशील."

"चालायचं ऱ्हाऊ द्या साहेब," बन्सी म्हणाला. "लाकूड कशानं धरू?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांचा दोष नाही. ते टेबलावर काम करणारे.

दवाखान्यात भेटायला बन्सीचा थोरला भाऊ आला होता. कारभारी त्याचं नाव. कन्नडला लाकडाच्या वखारीत तो मुकादम होता. माणूस वाईट नव्हता, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

"वखारीत राखणीला ये," तो म्हणाला. "बसून ऱ्हायचं काम हाय. तू आन् द्वारका, दोघं ऱ्हावा माझ्याकडं. बाबाची हत्यारं मी घिऊन जातो, हितं गंजून जातील."

"हत्यारं न्हाई द्यायची दादा."

"तू काय करणार त्यांचं?"

"सुतारकी."

कारभारीनं चादरीकडं, जिथं पाऊल असायला हवं होतं तिथं, बघितलं. मग म्हणाला, "दसऱ्याला येतो पिशोरला. तवर औताचं एक काम एकट्यानं करून दाव. एकट्यानं, ध्यानात ठेव. जमलं तर हत्यारं तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई जमलं तर पोत्यात भरून नेतो, आन् तू मुकाट्यानं संगं यायचं."

बन्सीनं मान हलवली. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, पदर तोंडाला लावला. एकटेपणाची अट कशी पुरी व्हायची, हे तिला कळत नव्हतं. खरं तर बन्सीलाही कळत नव्हतं.

दवाखान्यातून सुटका झाली त्या दिवशी दोघं शहागंजात कन्नडच्या मोटारीची वाट बघत बसले होते. समोर गल्लीच्या तोंडाशी एक बोळकंडीएवढं दुकान होतं, आणि त्याच्या भिंतीवर लाकडाची वीस-पंचवीस पावलं टांगलेली होती. द्वारकाबाई ती बघून दचकलीच. बन्सी मात्र कुबडी सावरत उठला आणि तरातरा निघाला. नव्या कुबडीवर तरातरा कसं निघता येतं, ते त्यालाच माहीत.

ते दुकान नूरमोहम्मदचं होतं. तो कालबूत करायचा, म्हणजे ज्याच्यावर चामडं चढवून बूट शिवतात तो लाकडी साचा. पूर्वी छावणीतल्या पलटणीचे बूट त्याच्या कालबुतांवर शिवले जायचे. आता पलटण बदलली होती, गिऱ्हाईक कमी झालं होतं, आणि म्हाताऱ्याकडं बोलायला वेळ होता.

बन्सीनं एक पाऊल हातात घेतलं. टाचेचा गोलवा, घोट्याखालची खोलगट जागा, बोटांवरचा उतार, कुठंही हत्याराची खूण नाही.

"चाचा, हे वाकसानं केलं?"

"वाकसानं आकार येतो," नूरमोहम्मद म्हणाला. "पाऊल कानशीनं येतं."

बन्सीनं आयुष्यात कानशीला हात लावला नव्हता. कानस लोहाराची, लोखंड घासायची, हे त्याच्या बापानं सांगितलेलं. नूरमोहम्मदनं गुंडाळी सोडून दोन कानशी पुढं ठेवल्या. एकीच्या अंगावर बारीक रेघा होत्या, ती ओळखीची होती. दुसरीच्या अंगावर किसणीसारखे सुटे दात उभे होते.

"ही लाकडाची. हिनं पोट भरून खायचं. आन् ही रेघांची मागून फिरवायची, तोंड पुसायला." म्हाताऱ्यानं बन्सीच्या आखूड पायाकडं बघितलं आणि त्याला सगळं उमगलं. "पाय करणार तू? मग तुला बाहेरून घासायचं कमी, आतून घासायचं जास्त. पाय जिथं आत बसतो, ती खोबण. तिथं वाकस जाणार नाय, रंधा जाणार नाय. तिथं फक्त कानस."

त्या दिवशीची मोटार हुकली. नूरमोहम्मद स्वतः दुकान ओढून घेऊन त्यांच्याबरोबर गुलमंडीवर लोखंडाच्या दुकानात आला. दुकानदारानं कानशींचा ढीग पुढं ओतला तसा म्हाताऱ्याचा चेहरा कडू झाला.

"अशा एकावर एक टाकल्या की दात दाताला खातो," तो बन्सीला म्हणाला, दुकानदाराला ऐकू जाईल असं. "मधल्या बघ. वरच्या आन् खालच्या मार खाल्लेल्या असतात."

त्यानं एकेक कानस उजेडाकडं धरली. दातांची टोकं चमकली तर बाजूला. टोक चमकतं म्हणजे ते झिजलंय, धारेवर उजेड थांबत नाही. मग सदऱ्याची बाही अलगद तिच्यावरून ओढायची. कापड जागोजाग अडकलं पाहिजे, नुसतं घसरलं तर बाजूला. मग दोरीनं टांगून नखानं वाजवायची. बसका आवाज आला तर आत चीर आहे.

"आन् पाठ बघ. एक अंग सपाट, एक फुगीर. खोबणीचा गोलवा मोठा पाहिजे, कानशीची पाठ त्याच्याहून लहान. उलटं झालं तर कानस दोन काठांवर बसती, मधे खातच नाय. माणूस रात न् दिवस घासतो आन् नशिबाला बोल लावतो."

अशा तीन निवडल्या. मोठ्या दातांची एक, फुगीर पाठीची. तसलीच एक लहान, बारीक दातांची. आणि रेघांची एक, गोल, शेवटाला निमुळती. पैशाचं द्वारकाबाईनं पदराच्या गाठीतून भागवलं. दुसऱ्या दिवशी मोटारीत बसवून देताना नूरमोहम्मद खिडकीपाशी उभा राहून सांगतच होता. पुढं ढकलताना दाब, मागं आणताना उचल. दहा हात झाले की झाड. भुसा दातात बसला तर कुंच्यानं काढ, दातांच्या रांगेनं, आडवं नाय. बारकीला आधी खडू चोळ, मग भुसा चिकटत नाय. तिघींना तीन फडक्यांत वेगळं ठेव. लोखंडाला लावू नको. आन् तेल नक्को, बिलकुल नक्को.

घरी आल्यावर बन्सीनं शिवणीचा ओंडका मिळवला. शिवण हलकी, आणि वाळली की चिरत नाही. गौताळ्याच्या रानाच्या अंगाला तिची झाडं होती. बाहेरचा आकार त्यानं वाकसानंच काढायला घेतला, आणि तिथंच पहिली ठेच लागली. पाय करायचा तर लाकूड धरायला पाय पाहिजे. द्वारकाबाई पुढ्यात बसली, दोन्ही हातांनी ओंडका दाबून.

"हाणा," ती म्हणाली.

बन्सीनं वाकस उचलला, आणि त्याचा हात अर्ध्यातच सैल पडला. तिच्या बोटांपासून दोन बोटांवर धार पडणार होती. ज्या वाकसानं त्याचं स्वतःचं पाऊल खाल्लं तोच हा वाकस. घाव पडला तो भितराच पडला, टवका निघाला नखाएवढा. आषाढ, श्रावण, भादवा, सगळा असाच गेला. ती धरायची, तो भीत भीत मारायचा. एका घावाचं काम दहा घावांना जायचं. तरीही दोनदा धार तिच्या बोटांना चाटून गेलीच. ती हळद लावून पुन्हा येऊन बसली. गावातलं बारीकसारीक काम येई, तेही असंच चाले. बायको धरते आणि नवरा मारतो, असली सुतारकी गावानं पाहिली नव्हती, आणि गाव आपलं मत मनात ठेवणाऱ्यांतलं नव्हतं.

बन्सी चिडायचा, पण कोणावर नाही. दर घावाला त्याला एकच दिसायचं. हिचे हात जोवर इथं आहेत तोवर मी सुतार नाही. तो कारभारीच्या अटीसाठी म्हणून काम करत होता, ते कधीतरी भादव्यात मागं पडलं. आता त्याला तिचे हात तिथून काढायचे होते.

आतलं काम मात्र त्याचं एकट्याचं. ओंडका मांडीत धरून तो दिवसदिवस कानस चालवायचा. आखूड पायाला फडकं गुंडाळायचं, फडक्याला दिव्याची काजळी फासायची, पाय खोबणीत घालून दाबायचा आणि काढायचा. आत जिथं काळा डाग उमटे तिथं लाकूड टोचतंय. तेवढंच घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. पहिले आठ दिवस मोठ्या दातांची, मग बारीक दातांची, सांध्याकोपऱ्यात गोल. दहा हात झाले की झाडायची, शिंदीच्या कुंच्यानं रांगेनं झाडायची, सांजेला फडक्यात. शेजारची भागूबाई एकदा म्हणालीच की बाळंतिणीची एवढी निगा कोणी ठेवत नाही. बन्सीनं हसून घेतलं आणि फडकं बांधलं.

बाहेरून त्या पावलाचा आकार बघून लोक बुचकळ्यात पडायचे. टाच मोठी आणि जड, पाऊल पसरट, आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटा, मधे चांगली दोन बोटं रुंद खाच. चपलेचा अंगठा अडकवायला असेल, असं लोक म्हणाले. बन्सी म्हणाला, असंल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चामड्याचे पट्टे लागले. बन्सीनं पाऊल बांधलं, बसला, आणि पायाखाली एक लाकूड घेऊन मांडीनं जोर दिला. लाकूड धरलं गेलं, पण नडगीच्या हाडाला असा चावा बसला की डोळ्यांत पाणी आलं. काढून बघितलं तर लाल चट्टा. एक जागा अजून उंच होती. अंधार पडत आला होता. दसऱ्याच्या सकाळी चार-दोन हात मारले की झालं, असं म्हणून त्यानं पाऊल बाजूला ठेवलं.

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारांची पूजा. सकाळी मांडायची, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. दरसाल बन्सी स्वतः मांडायचा. यंदा सकाळीच आप्पासाहेबांनी गाडी पाठवली. हे गावातले मोठे शेतकरी. ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती आणि त्यांच्या तिफणीचा एक फण, मातीत घुसणारा दात, मोडला होता. मोडका फण आणि नव्यासाठी बाभळीचा दांडा घेऊन बन्सी दुपारी परतला, तेव्हा द्वारकाबाईनं पूजा मांडलेली होती. वाकस, करवत, पटाश्या, रंधा, सगळं झेंडूच्या फुलांखाली, हळदीकुंकवानं माखलेलं. त्यानं दारातूनच हात जोडले.

दसऱ्याला सकाळच्या मोटारीनं कारभारी आला. काखेत रिकामं पोतं होतं. ते त्यानं दाराआड ठेवलं, त्याला ते काखेत धरून बसायची लाज वाटली असावी. पूजा उतरली. बन्सीनं खोबणीत काळा डाग पाडून घेतला, बारीक दातांची कानस उचलली, आत घातली आणि ढकलली.

ती घसरली.

त्यानं पुन्हा दाबून ढकलली. पुन्हा घसरली. लाकडाच्या अंगावरून अशी गेली की तिला दात नाहीतच. त्यानं ती बाहेर काढली. तळहात चिकट झाला होता, लाल झाला होता. दातादातांत कुंकू बसलं होतं, आणि कुंकवाखाली करडईचं तेल. मोठीला तेच, गोल कानशीला तेच.

"तेल लावलं?" त्यानं विचारलं.

"लावलं की," द्वारकाबाई म्हणाली. "सगळ्यांनाच लावलं. ह्या नव्या, तुमच्या पायाच्या. म्हून ह्यांना जरा जास्त लावलं, चांगलं चोळून." बोलता बोलता तिनं त्याचा चेहरा बघितला. "का वो? काय झालं?"

वाकसाला तेल लागतं, पटाशीला लागतं, गंज धरू नये म्हणून. कानशीचं उलटं. तेलानं दात घसरतो आणि भुसा दातात लगद्यासारखा बसतो. नूरमोहम्मदनं सांगितलं होतं, पण बन्सीला. बन्सीनं ते आपल्यापुरतं ठेवलं, कारण कानशींना हात लावणारा तो एकटाच. नूरमोहम्मदच्या घरी खंडेनवमी नव्हती, नाही तर घरात सांगून ठेव असं तो नक्की म्हणाला असता.

बन्सीच्या डोक्यात सणक गेली. ओठावर शब्द आला होता, वाईट आला होता. मग त्याला तिच्या हातांवरचे वण दिसले, दोन बोटांवरचे, आणि तो शब्द त्यानं गिळला. चूक कोणाची हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"पाणी उकळाय ठेव," तो म्हणाला. "धुण्याचा सोडा टाक मूठभर."

"आरं, पटाशीनं खरड ना तेवढी जागा," कारभारी म्हणाला.

"पटाशी टवका काढती दादा. उंचवटा जाईल आन् खड्डा पडंल. मग त्या खड्ड्याचा काठ टोचंल. कानस मागितलं तेवढंच घेती."

"बाराची मोटार गाठायचीय आपल्याला."

"तुला गाठायची असंल," बन्सी म्हणाला. "एकट्याला."

 मोठ्या भावाला असं बोलायची बन्सीची ही पहिलीच वेळ, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं होतं.

उकळत्या पाण्यात सोडा फसफसला. बन्सीनं कानशी त्यात धरल्या आणि कुंच्यानं घासायला लागला, रांगेनं, एकेक रांग. लाल तेलकट पाणी उतरलं. ते ओतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या पाण्याला तवंग येईनासा झाला. द्वारकाबाई पाणी देत होती. कानशी चुलीत घातल्या तर लवकर वाळतील असं कारभारीनं सुचवलं. विस्तवानं पोलादाचं पाणी उतरतं आणि दात मऊ पडतात, एवढं सांगून बन्सीनं त्या चुलीच्या अंगाला, हाताला सोसेल एवढ्या उबेत मांडल्या. वाळल्यावर खडू चोळला, झाडला, पुन्हा चोळला. सदऱ्याची बाही वरून ओढली. कापड अडकलं.

बाराची मोटार गेली, तिचा भोंगा सगळ्यांनी ऐकला.

बन्सीनं कानस खोबणीत घातली आणि ढकलली. खर्र. पिठासारखा भुसा पडला. तीन हात मारून त्यानं काजळी बघितली. डाग लहान झाला होता. पुन्हा दोन हात. पुन्हा काजळी. डाग पसरून फिका झाला, म्हणजे भार आता सगळीकडं सारखा बसत होता. त्यानं गोल कानशीनं तोंड पुसलं आणि पट्टे आवळले.

मग तो फळीवर बसला, बाभळीचा दांडा पुढ्यात ओढला आणि डाव्या पायाची टाच एका अंगाला लावली. उजव्या लाकडी पावलाच्या त्या खाचेत, अंगठा आणि बोटांच्या मधे, दांडा बरोबर बसला. चपलेसाठी नव्हती ती खाच. कारभारी पुढं सरकला. सुतारच तो, त्याला सांगावं लागलं नाही.

द्वारकाबाई सवयीनं समोर येऊन बसली होती. आषाढापासून बसत होती तशीच, दोन्ही हातांनी दांडा दाबून, तोंड एका बाजूला वळवून.

बन्सीनं वाकस उचलला.

"सोड," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. हात काढावे की नाही, हे तिला ठरवता येईना. काढले आणि दांडा हलला तर दाराआड पोतं होतं.

"सोड द्वारका."

तिनं एक हात काढला. मग दुसरा.

बन्सीनं वाकस खांद्याच्या वर नेला आणि वैशाखानंतर पहिल्यांदा पुरा घाव घातला. घरभर आवाज झाला. तळहाताएवढा टवका उडून कारभारीच्या पायाशी पडला. दांडा तसूभर हलला नाही. दुसरा घाव, तिसरा. बाभळीतून फणाचा बाक दिसायला लागला. नडगीला दुखत होतं, थोडंसं; नव्या जोड्याला दुखतं तेवढं.

कारभारीनं तो टवका उचलून उलटासुलटा बघितला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्याला काही सुचलं नाही.

"बाबाचाच हात हाय," तो म्हणाला.

बन्सीचं लक्ष नव्हतं. द्वारकाबाई अजून तिथंच बसली होती, रिकामे हात मांडीवर उताणे ठेवून. त्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. ती हसत होती आणि रडत होती, आणि कुठल्याही हातानं डोळे पुसत नव्हती.

"मागं सरक," बन्सी तिला म्हणाला, "आन् दादाला चहा टाक. मला येळ न्हाई."